मोटर भरायचं काम येतं, पण दुकान टाकून पैसा टिकेल का? (तासगाव-पलूस पट्टा)

प्रश्न | नवा_वीजतंत्री

नमस्कार मंडळी. आयटीआय झालंय, शेतीपंपाच्या मोटरी भरायला (जळालेली तार काढून नवी गुंडाळायला) हात बसलाय. गावातच स्वतःचं दुकान टाकायचा विचार आहे. आधी कोणती हत्यारं घेऊ? भरलेली मोटर महिन्यात परत येऊ नये म्हणून काय पाहायचं? आणि उन्हाळ्यात येणारा पैसा पावसाळाभर पुरवायचा कसा? कर्ज काढू का, तेही सांगा.

उत्तर | कॉइल_मिरज

तुझ्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं आणि तिसऱ्याचं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. हिशेब बघ. समजा एका मोटरचे 3000 घेतलेस, त्यातले 1800 तार, पेपर, व्हार्निशला गेले. हातात 1200. तीच मोटर जळून परत आली की पुन्हा 1800 चं सामान तुझ्या खिशातून जातं. म्हणजे पुढच्या दीड मोटरची कमाई गेली, दिवस गेला तो वेगळाच.

म्हणून जुनी कॉइल कापायच्या आधी मोटर का जळाली ते वाचायचं. तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच काळवंडल्या असतील तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. तिन्ही फेजच्या कॉइली जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. स्टार जोडणीत दोन फेज जळाले आणि तिसरा लख्ख राहिला, किंवा डेल्टामध्ये एकच फेज जळाला आणि दोन शाबूत, तर सिंगल फेजिंग. म्हणजे एक फेज गेला आणि मोटर तशीच ओढत राहिली. एकाच जागी फुटल्यासारखा डाग असेल तर स्लॉटचा (कॉइल बसते त्या खाचेचा) पेपर फाटलाय किंवा वेढ्याला वेढा लागलाय. शेवटचं कारण भरणाऱ्याचं, बाकीची स्टार्टर-पेटीने अडवायला हवी होती. पेटी न बघता नुसती मोटर भरून दिलीस तर ती परत येणारच.

आपल्याकडे पेटीत हमखास सापडणाऱ्या गोष्टी तीन: ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा) 'सारखा पडतोय' म्हणून शेवटच्या आकड्यावर फिरवलेला, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर थांबवणारा) बायपास केलेला, आणि दोन फेजवर पाणी काढायला लावलेले कंडेन्सर. रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरला लाव. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले वाइंडिंगच्या फेजमध्ये असेल तर त्या आकड्याच्या 0.58 पट. प्लेट पुसली असेल तर थ्री फेजला एचपीमागे दीड अँपिअर धरून चाल, मग क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) खात्री कर.

भरताना वेढे मोजून वहीत लिही: स्लॉट, पिच (कॉइलच्या दोन बाजूंमधलं स्लॉटचं अंतर), वेढे, गेज (तारेची जाडी), जोडणी. तार मायक्रोमीटरने मोजायची ती इनॅमल (तारेवरचा लेप) जाळून, पुसून. इनॅमलसकट मोजलीस तर गेज चुकतो. वेढे कमी पडले की मोटर बिनलोडचीच तापते. नो-लोड करंट फुल लोडच्या साधारण 30 ते 50 टक्क्यांत हवा आणि तिन्ही फेजला जवळपास सारखा.

व्हार्निशला घाई नको. स्टेटर (कॉइली बसवलेला मोटरचा स्थिर भाग) आधी 100 अंशांच्या आसपास तापवून ओल घालव, कोमट असतानाच बुडव, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत काढू नको. निथळू दे, मग डब्यावर लिहिलंय त्या तापमानाला भाज. वरून ब्रश फिरवलेलं व्हार्निश आत पोचतच नाही. आत पाणी भरून चालणाऱ्या सबमर्सिबलला (पाण्यात बुडवायच्या मोटरला) मात्र व्हार्निश लागत नाही, तिथे प्लास्टिक आवरणाची तार असते. ती मोटर पाण्यात सोडण्याआधी आत स्वच्छ पाणी पूर्ण भरलंय ना आणि केबलचा जोड पक्का आहे ना, एवढं बघ.

हत्यारं या क्रमाने: मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर), मायक्रोमीटर, बेअरिंग पुलर, हाताचं कॉइल मशीन. लेथचं काम बाहेरून करून घे.

उत्तर | कृष्णाकाठ

पावसाळा रिकामा जातो म्हणतोस, पण नदीकाठच्या गावांत पूर ओसरला की काम येतं. 2019 आणि 2021 ला बुडालेल्या मोटरींचा ढीग लागला होता. पुरात बुडालेली मोटर 'वाळली असेल' म्हणून चालू करायची नाही, हे लोकांना आधीच सांगून ठेव. खोलून गाळ स्वच्छ पाण्याने धुवायचा, बेअरिंग काढायची, पत्र्याच्या पेटीत 200 वॅटचे बल्ब लावून किंवा भट्टीत 80-90 अंशांवर वाळवायचं. दर तासाला मेगर लाव. आकडा आधी खाली येतो, कारण वाइंडिंग गरम होतं. घाबरायचं नाही, ओल निघाली की तो चढतो. चढून स्थिर झाला की मगच व्होल्टेज. 1 मेगओहमच्या खाली असेल तर जोडायचीच नाही. कितीतरी मोटरी न भरता वाचतात. नुसतं वाळवण्याचे पैसे कमी मिळतात, पण तो शेतकरी पुढे तुझ्याकडेच येतो.

उत्तर | वहीखातं_सांगली

पैशाचं सांगतो. दुकानाचं खातं वेगळं, घराचं वेगळं. दुकानातून घराला दर महिन्याच्या 1 तारखेला ठरलेली एकच रक्कम द्यायची, मे महिना असो की ऑगस्ट. फेब्रुवारी ते मे वरचं उरतं ते तिथेच राहू दे. निदान तीन महिन्यांचं भाडं, लाइटबिल, घरखर्च साठेपर्यंत नवीन गाडी नाही.

उधारी टाळता येणार नाही. 'द्राक्षाचं बिल आलं की देतो', 'कारखान्याचा हप्ता पडू दे' हे ऐकावंच लागतं, आणि माणूस खोटं बोलत नसतो, त्याचा पैसा खरंच तेव्हाच येतो. म्हणून सामानाचे पैसे आधी रोख, मजुरी उधार, आणि पावतीवर तारीख. त्याच पावतीवर मोटर का जळाली, पेटीत काय बदलायला सांगितलं आणि जुनं तांबं किती किलो निघालं, ते कुणाकडे गेलं, हेही लिही. भांडणं तांब्यावरून होतात.

कर्ज: सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात 50,000 पर्यंत विनातारण मिळतं. हत्यारांना पुरेल एवढंच घे, तारेचा साठा करायला नको. हप्ता पावसाळ्यातल्या कमाईतून फिटेल एवढाच ठेव. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नको. आणि विजेचं काम आहे म्हणून वर्षाला 20 रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आजच काढ, अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात.

नवा_वीजतंत्री

कॉइलदादा, शेतकरी म्हणाला 'रिले राहू दे, वरच ठेव', तर काय करू?

कॉइल_मिरज

त्याच्यासमोर क्लॅम्प मीटर लावून चालू करंट दाखव. नेमप्लेटवर 7.5 आणि मीटरवर 10 दिसले की बहुतेक जण ऐकतात. करंट जास्त येतोय म्हणजे व्होल्टेज कमी, पंप जाम किंवा इम्पेलर चुकीचा, ते शोधून दे आणि त्याची मजुरी वेगळी घे. तरीही नाहीच म्हणाला तर पावतीवर 'रिले ग्राहकाच्या सांगण्यावरून वाढवला, गॅरंटी नाही' असं लिहून त्याची सही घे.