फ्रान्समधल्या ऐंशी माणसांच्या गावाला मेयर कशाला?

रानवाट:
नवऱ्याच्या कामामुळे सहा महिने झाले फ्रान्समधे द्रोम भागात एका खेड्यात राहतोय, वस्ती ऐंशीच्या आसपास. खिडक्यांच्या लाकडी झडपा हिरव्या रंगवायच्या होत्या, तर घरमालकीण म्हणाली आधी मेरीत फॉर्म द्या (गावच्या ऑफिसला मेरी म्हणतात, मला आधी कोणा बाईचं नाव वाटलं). गेले तर कुलूप, मंगळवार-शुक्रवार सकाळीच उघडतं म्हणे. आणि मेयर कोण, तर शेजारचा शेळ्यावाला! झडपांच्या रंगाचं त्याला काय पडलंय??

जुनी_ट्रंक:
तिकडे जवळपास ३५ हजार कम्यून (आपल्या ग्रामपंचायत-नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्था) आहेत आणि पॅरिस काय नि तुमचं गाव काय, प्रत्येकाला मेयर हा असतोच. १०० च्या आत वस्ती असेल तर गावच्या कौन्सिलचे ७ सदस्य, तेच आपल्यातला एक मेयर निवडतात, मुदत ६ वर्षं. पूर्वी छोट्या गावात मतपत्रिकेवर नको त्याच्या नावावर सरळ काट मारता यायची, मार्च २०२६ पासून ते बंद, आता बाई-पुरुष आलटून पालटून अशी अख्खी यादीच निवडायची. मला जुनंच बरं वाटायचं, पण असो. झडपांचं म्हणाल तर घराचं बाहेरचं रूप बदलायचं असलं की आधी कळवावंच लागतं, साधारण महिनाभरात उत्तर येतं, जवळ संरक्षित जुनं चर्च वगैरे असेल तर दोन महिने धरा.

कोपऱ्यातला:
ताई, मेयरला सोडा, सेक्रेटरीला गाठा. फॉर्म, जन्म-मृत्यूची नोंद, मतदारयादी, बजेटचे कागद सगळं त्यांच्याच हातात, आणि बऱ्याचदा एकच माणूस दोन-तीन गावं सांभाळतो म्हणून ते मंगळवार-शुक्रवार. मेयर तिरंगी पट्टा घालून लग्नं लावतो, चर्चमधे करायचं असलं तरी आधी मेरीतच लावावं लागतं. कचरा नि असली बरीच कामं आता आसपासच्या गावांच्या संयुक्त मंडळाकडे गेलीत, पण डबा उचलला नाही की लोक दार मेयरचंच वाजवतात, बिचारा.

टिपकागद:
ऐंशी तरी आहेत. व्हेर्दंजवळ पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली ६ गावं आहेत, फ्लरी वगैरे, वस्ती शून्य, तरी मेयर आहे! मतदारच नाहीत म्हणून तो प्रीफेक्ट (सरकारचा जिल्ह्यातला अधिकारी) नेमतो. आणि शेळ्यावाल्याला कमी लेखू नका, राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहायला ५०० लोकप्रतिनिधींच्या सह्या लागतात, त्यात त्याची सही पॅरिसच्या मेयरइतकीच मोजतात.

रानवाट:
बापरे. शुक्रवारी गेले, सेक्रेटरीबाईंनी रंगाचा नमुना मागितला, तेवढ्यात मेयर आला नि म्हणाला हिरवा नको, निळसर राखाडी घ्या, इथे सगळ्यांचा तोच आहे. आता रंगाचा डबा बदलून आणायचाय.