उबवणीच्या अंड्यांवर फेज फवारलेत का कोणी?

गावरान_हॅचरी: मंडळी नमस्कार. आमची गावरान कोंबड्यांची छोटी हॅचरी (अंडी उबवून पिल्लं काढायची जागा) आहे, पावसाळा लागला की दरवर्षी तोच ताप, १८ व्या दिवशी अंडी सेटरमधून (उबवणी यंत्रातून) हॅचरला (पिल्लं निघायच्या यंत्रात) टाकताना एखादं हातातच फुटतं आणि वासाने उभं राहवत नाही, निघतात त्यातली बरीच पिल्लं ओल्या बेंबीची, पोट फुगलेली, आठवड्यात जातात. अंड्यांवरचे जंतू मारायला फॉर्मलीन-पोटॅशचा (पोटॅशियम परमँगनेटचा) धूर देतो पण पोरांचे डोळे चुरचुरतात, बंद करायचाय. फेज म्हणजे जिवाणू खाणारे व्हायरस म्हणे, ते फवारले की झालं. खरंय का नुसती हवा?

पशुवैद्य_काका: हवा नाही हो, जुनी गोष्ट आहे. देरेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये फेजला नाव दिलं आणि १९१९ मध्ये फ्रान्समध्ये कोंबड्यांच्या टायफॉइडवरच वापरून पाहिलं, माणसांच्या आधी. पण फेज फार चोखंदळ, ई. कोलाय जिवाणू मारणारा फेज स्युडोमोनास या दुसऱ्या जिवाणूला हात लावत नाही, ई. कोलायच्या पण सगळ्या जाती मारेल असं नाही, म्हणून चार-पाच मिसळून कॉकटेल करतात. तुमचं फुटणारं अंडं स्युडोमोनासचं असू शकतं, ओली बेंबी बहुतेकदा ई. कोलायची. लॅबमध्ये कल्चर केल्याशिवाय (जिवाणू वाढवून ओळखल्याशिवाय) कुठला फेज मागणार तुम्ही?

सेटरवाला: आणि फेज फवारणार कधी? अंडं घातल्यावर गरम असतं, थंड होताना आतला माल आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. जिवाणू एकदा आत गेला की वरून फेज फवारून काय उपयोग, शिवाय ओलं फवारलं तर छिद्रांतून आत जायला वाट अजून सोपी. मागून धूर दिलात तर फेजही खलास.

गावरान_हॅचरी: म्हणजे धूर चालूच ठेवू??

पोल्ट्रीताई: बंद खोलीत द्या, पोरं बाहेर, एक्झॉस्ट लावून धूर पूर्ण गेल्यावरच दार उघडा. पण आधी खुराड्याकडे बघा, पावसात लिटर (जमिनीवर अंथरलेला भुसा) भिजतं, जमिनीवरची अंडी घरट्यातल्यांत मिसळू नका, विष्ठा लागलेलं सेटरला नकोच. थंड खोलीतून काढल्यावर अंड्यांना घाम सुटतो, तो सुकू द्या मगच भरा. आणि पुलोरम (साल्मोनेला जिवाणूचा रोग) असेल तर तो अंडाशयातूनच अंड्यात येतो, त्याला धूर नाही की फेज नाही, ब्रीडरचं (अंडी देणाऱ्या मूळ कळपाचं) रक्त तपासून पॉझिटिव्ह कोंबड्या काढाव्या लागतात.

गावरान_हॅचरी: कल्चरसाठी लॅबला अंडी धुऊन पाठवू का?

पशुवैद्य_काका: अजिबात नाही! न फुटलेली, आत पिल्लू मेलेली अंडी तशीच ट्रेमध्ये, खाली आइसपॅक, पण गोठवू नका. ओल्या बेंबीची दोन-चार पिल्लंही सोबत द्या, अँटिबायोटिक द्यायच्या आधीची.