मनोविकार धडपणे दाखवणारे व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रं बघत, संवाद वाचत पुढे जायचे गेम) सुचवा (रविवारची बैठक, ठाणे)

घोडबंदरकर: कासारवडवलीत आठजण जमतोय, सगळे अठराच्या पुढचे. वेळ तीन तास, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर. गेम अंधारा चालेल, पण 'वेडा म्हणजे खुनी' छापाचा नको. 'ह्याला ठाण्याला पाठवा' हा विनोद ठाणेकरांनी पुरेसा ऐकलाय. डोकी डोकी लिटरेचर क्लब कसा?

तलावपाळी: २०१७चा, फुकट. पण एकट्याने खेळला तरी चारेक तास खातो. मोठ्याने वाचत बसलात तर निम्माही होणार नाही. फक्त त्यातल्या सायोरी या मुलीचा भाग घ्या. हसरी, धांदरट, रोज शाळेला उशीर. तो उशीर आळसाचा नाही, अंथरुणातून उठायला कारणच सापडत नाही, हे ती स्वतः सांगते. पुढे तिला उत्तर द्यायचे दोन पर्याय येतात. कुठलाही निवडा, शेवट तोच. 'प्रेम मिळालं की नैराश्य पळतं' ही थाप गेम मारत नाही, म्हणून मला तो आवडतो. युरी या दुसऱ्या मुलीचं स्वतःला इजा करणं मात्र निव्वळ दचकवायला वापरलंय.

आत्महत्येचं दृश्य थेट समोर येतं, हे आठही जणांना आधी सांगा. २०२१च्या प्लस आवृत्तीत अशा दृश्यांआधी इशारा देण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, ती चालू करा.

सानपाडा_स्लो: मूळ आवृत्ती त्या लॅपटॉपवर कुणी आधी खेळलं असेल तर भलत्याच ठिकाणी उघडेल, कारण गेम स्वतःच्याच फायलींशी खेळतो. गेमच्या फोल्डरमधली 'फर्स्टरन' फाईल उडवा, परत चालू करा, जुनी सेव्ह काढायची का विचारेल, हो म्हणा. हे शनिवारीच उरका.

तीन तासांसाठी माझं मत 'मिल्क इनसाइड अ बॅग ऑफ मिल्क इनसाइड अ बॅग ऑफ मिल्क' (२०२०). अर्ध्या तासात संपतो. एक मुलगी दूध आणायला निघालीय आणि तिच्या डोक्यातला आवाज म्हणजे तुम्ही. आजाराचं नाव नाही, तरी दुकानापर्यंतची वाट किती लांब वाटते ते कळतं. चित्रं काळपट लाल-जांभळी आहेत, उजेडात प्रोजेक्टरवर काही दिसणार नाही.

घोडबंदरकर: नीडी स्ट्रीमर ओव्हरलोड?

तलावपाळी: (२०२२) चांगला, पण त्यातल्या स्ट्रीमर मुलीने गोळी घेतली की ताणाचा आकडा लगेच बदलतो. खऱ्या नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने बंद करायच्या नसतात. खेळवलात तर हे तिथेच बोला. त्यापेक्षा डिप्रेशन क्वेस्ट (२०१३) घ्या: ब्राउझरमध्ये चालतो, फुकट, जवळजवळ नुसता मजकूर. शहाणपणाचा पर्याय दिसतो पण खोडलेला, क्लिकच होत नाही. 'जरा बाहेर फिरून ये' म्हणणाऱ्यांना तेवढं एक पान दाखवा.

ऐरोली_नाका: साया नो उता (२००३) कुणी सुचवेल, नका घेऊ. तिथल्या नायकाच्या डोक्यातला बिघाड अपघातानंतरच्या मेंदूच्या शस्त्रक्रियेतून आलेला आहे, शिवाय अश्लील दृश्यं. आणि चर्चेत छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) शब्द निघाला की कुणीतरी 'एका अंगात दोन माणसं' म्हणेलच. ते नव्हे. छिन्नमनस्कतेत भास होतात, भ्रम होतात. दोन माणसांचा तो वेगळा विकार. त्या 'छिन्न'मुळेच निम्मा घोळ होतो.

घोडबंदरकर: मग आधी मिल्क, नंतर डिप्रेशन क्वेस्ट, वेळ उरला तर सायोरी.

सानपाडा_स्लो: सायोरी शेवटी नको, तसेच सुन्न घरी जातील. मध्ये घ्या, मागे बोलायला पाऊण तास ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर १४४१६ पाटीवर लिहून ठेवा, मराठीतही बोलता येतं. आणि खिडक्यांना जाड चादरी.