मदत हवी आहे: वाळवंटातल्या ओसाड गावात घरांच्या आत जाता येतं का?

धंतोलीची_मी: जैसलमेरकडचं ते ओसाड गाव. पडक्या घरांत शिरू देतात का? अंधार पडल्यावर थांबता येतं का? लवकर सांगा, तिकीट आजच काढायचं आहे.

बर्डी_लोकल: कुलधरा की खाभा? कधी? किती जण?

ठेचा_भाकर: काहून जाता बाप्पा तिकडं? रामटेकच्या बाजूले नगरधनचा किल्ला हाय, तो पाह्यला का? घरचं सोडून चालले राजस्थानले.

धंतोलीची_मी: कुलधराच, अजून कोणतं! डिसेंबर. दोघी.

वाळूतला_उंट: ताई, समच्या वाळूच्या टेकड्यांजवळ तंबूत राहा. उंट ठरवताना घासाघीस करा. आमच्या मावशी उंट उठताना जे ओरडल्या, अजून घरात नक्कल होते.

रात्रीस_जागणारा: अंधारात थांबू नका. जैसलमेरच्या दिवाण सालिमसिंहाची नजर गावच्या मुलीवर गेली अन् तिथल्या पालीवाल ब्राह्मणांची चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत उठली. जाताना शाप देऊन गेले.

ओलीतला_गहू: एका रात्रीत चौऱ्याऐंशी गावं? बैलगाड्या तरी जुंपून होतील का! पाणी आटत गेलं, शेतसारा वाढत गेला, लोक हळूहळू गेले. शापापेक्षा पालीवालांची खडीन बघा. उतारावरून आलेलं पावसाचं पाणी बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू. जैसलमेरात!

रात्रीस_जागणारा: तुम्ही राहून दाखवा मग रात्रभर.

बर्डी_लोकल: ताईंचं राहिलंच. जैसलमेरहून साधारण 18 कि.मी. गेटवर तिकीट, संध्याकाळी गेट बंद, त्यामुळे रात्रीचा प्रश्नच मिटला. डागडुजी केलेल्या घरांत जाता येतं. बाकी भिंतींवर चढू नका, दगड निसटतात. फटीत हात तर मुळीच घालू नका, त्या भागात फुरसं आहे.

धंतोलीची_मी: चढायचं कोणाला आहे? मोजायचंय. आर्किटेक्चरचा थिसिस आहे, घरांचे नकाशे काढायचेत.

बर्डी_लोकल: हे आधी सांगायचं ना! जागा संरक्षित आहे. टेप अन् ट्रायपॉड घेऊन कामाला बसायचं तर आधी राजस्थानच्या पुरातत्त्व खात्याकडे कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करा. उत्तर येईपर्यंत तिकीट काढू नका.

ठेचा_भाकर: म्हून म्हणतो, नगरधन मोजा. घरी जेवाले परत.

धंतोलीची_मी: सर सोमवारशिवाय सही देणार नाहीत. बरं, ड्रोनचा उल्लेख त्याच अर्जात करू की वेगळा?

बर्डी_लोकल: कोणता ड्रोन? ताई, जैसलमेरला वायुदलाचा तळ आहे!