खेट्याला चाललोय ते देवासाठी का ग्रुपसाठी?

खेटेकरी_करवीर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, पेठेत राहतो. माघ जवळ आलाय आणि एक गोष्ट डोक्यातनं जात नाही म्हणून इथं विचारतोय, जरा लांबण लागंल, सांभाळून घ्या.

बाहेरगावच्यांना माहीत नसंल तर सांगतो, माघातल्या रविवारी कोल्हापुरातनं माणसं पायी जोतिबाला जातात त्याला खेटे म्हणतात. पहाटे अंधारातच पंचगंगेवरनं निघायचं, वडणगे निगवे कुशिरे करत डोंगराच्या पायथ्याला यायचं आणि मग गायमुखाच्या वाटेनं वर चढायचं. कितीतरी जण अनवाणी. आमच्यात हे आजोबांपासनं चालत आलंय, ते वाटंनं कुणाशी फारसं बोलायचेच नाहीत, चांगभलं म्हणायचे आणि चालायचे.

आता आमचा एक ग्रुप हाय. आधी गल्लीतली चार पोरं होती, मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला आणि आता इतकी माणसं झाल्यात की अर्ध्यांची नावं बी माहीत नाहीत. जो माणूस सगळं बघतो त्याचं प्लॉटिंगचं काम हाय. टी-शर्ट तोच देतो, पुढं जोतिबाचा फोटो आणि पाठीवर त्याच्या साइटचं नाव आणि मोबाइल नंबर. नाष्ट्याला थांबलो की प्लॉटचा विषय निघतो, आणि "जोतिबाच्या कृपेनं आपलं सगळं क्लिअर हाय" असं म्हणून बुकिंगचं बोलणं तिथंच सुरू होतं. माझी मावशी ठेवीचे पैसे काढून त्यात घालायला निघालीय. का विचारलं तर म्हणते, अरे तो एक खेटा चुकवत नाही, असला माणूस फसवंल का?

हे मला सहन होईना झालंय. पण त्याच्याबद्दल बोलायला लागलो की दुसरा प्रश्न माझ्याकडंच वळतो. मी तरी वर जाऊन काय मागतो? पोरीची अ‍ॅडमिशन, घराचं कर्ज, वडिलांची शुगर. तो गिऱ्हाईक मागतो आणि मी हे मागतो, मग दोघांत फरक काय? देवाला खरोखर देवासाठी भेटायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं? कुणी या वाटंनं गेलं असंल तर सांगा, मनापासून विचारतोय.

उद्यमनगर_लेथ

भावा, आधी मावशीचं बघ, बाकीचं नंतर. सातबारा बघा, एनए म्हणजे बिगरशेती झालंय का त्याचे कागद मागा, महारेराचा म्हणजे बिल्डर-प्लॉटिंगवर नजर ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नोंदणी नंबर मागा आणि तो नंबर वेबसाइटवर टाकून बघा. सगळ्या प्रकल्पाची जागाच छोटी असली तर नोंदणी लागत नाही अशी बी सूट असते, तसं तो म्हणाला तर एकूण क्षेत्र किती ते लेखी घ्या. माणूस खरा असला तर कागद दाखवायला त्याला दोन मिनिटं लागत नाहीत, आणि कागद मागितल्यावर देवाचं नाव पुढं करायला लागला तर तिथंच उठा.

पण ग्रुपबद्दल माझं मत जरा वेगळं हाय. देवाच्या वाटंवर ओळखी होतात आणि त्यातनं एकमेकाला काम मिळतं यात मला काय वाईट दिसत नाही. माझ्याकडं जॉबवर्क देणारे दोघं खेट्यातच भेटलेत. २०१९ च्या पुरात चिखली आंबेवाडीची माणसं बोटीतनं बाहेर काढली तवा त्यांच्यासाठी भाकरी कुणी थापल्या? ह्याच तालमींनी, मंडळांनी आणि असल्याच ग्रुपांनी. आमच्या गल्लीत रात्रभर चुली पेटल्या होत्या. ती माणसं देवाच्या नावानंच एकत्र आलेली होती म्हणून तर एका हाकेला जमली. तवा सगळंच स्वार्थाचं म्हणू नका. काम मिळणं वेगळं आणि देवाला जामीन ठेवून माल खपवणं वेगळं, मी तरी रेघ तिथं ओढतो.

ओटीवाली_ताई

माझं लग्न होऊन आले तेव्हापासून आमचं ओटीच्या सामानाचं दुकान बघतेय, अंबाबाईच्या देवळापाशी. खण, नारळ, हळदकुंकू, बांगड्या, वेणी, सगळं. दिवसभर माणसं बघते त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

साडी घेताना "भारीतली द्या, पाहुणे बरोबर आहेत" असं म्हणणारी खूप येतात. नवरात्रात तर देवीसमोर उभं राहून देवीकडं पाठ करून फोटो काढतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, त्यातल्या कुणाच्या पोटात काय दुःख आहे मला काय माहीत. पण एक बाई मात्र माझ्या मनात बसलीय. करवीर तालुक्यातल्याच कुठल्यातरी गावची होती. नवरा सीपीआरमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, अ‍ॅडमिट होता आणि ही तिथनं चालत यायची, सीपीआर काय लांब नाही. पहिल्यांदा आली तेव्हा हिरवा खण हातात घेतला, किंमत विचारली, परत ठेवला, आणि नुसता नारळ घेतला. मी खण तसाच देत होते तर नको म्हणाली, देवीला उसनं कशाला द्यायचं म्हणाली. नंतर नवरा गेला तिचा. मला वाटलं आता ही या रस्त्याला फिरकणार नाही, कारण असं झालं की बरीच माणसं देवीवर रुसतात आणि मला त्यांचंही पटतं. पण ती आली. आपल्यात अशा बायकांनी ओटी भरायची नाही म्हणतात, ते मला कधीच पटलेलं नाही, पण तिनं काही मागितलंच नाही, एक शेवंतीची वेणी घेतली. मी विचारलं, आता काय मागायला आलीस गं? तर म्हणाली, "मागायचं संपलं बाई. भेटायला आलोय. हिच्याबिगर बोलायला हाय कोण मला?"

दादा, तुम्ही फरक विचारला होता ना. ती आधी आली तेव्हाही मागायलाच आली होती, नवऱ्याचा जीव मागत होती. ते काय खोटं होतं का? अजिबात नव्हतं. पण मागितलेलं मिळालं नाही तरी येणं तुटलं नाही. तुमच्या पोरीची अ‍ॅडमिशन तुम्ही मागता ते बिनधास्त मागा, आईकडं नाही मागायचं तर कुणाकडं मागायचं.

माळकरी_नंदवाळ

राम कृष्ण हरी. ताईंनी जे लिहिलंय तेच गीतेच्या सातव्या अध्यायात आलंय. भगवंत म्हणतात चार प्रकारची माणसं मला भजतात, आर्त म्हणजे संकटात सापडलेला, जिज्ञासू, अर्थार्थी म्हणजे काहीतरी पाहिजे असलेला, आणि ज्ञानी. लोक इथंच थांबतात आणि अर्थार्थी म्हटलं की नाक मुरडतात. पण पुढं दोनच श्लोकांनंतर देव म्हणतो की हे सगळेच उदार आहेत, ज्ञानी मात्र माझा आत्माच. म्हणजे मागणाऱ्याला देवानं हाकललेलं नाही. तुम्ही वडिलांची शुगर मागता म्हणून तुम्ही प्लॉटवाल्याच्या रांगेत जात नाही, हे आधी मनातनं काढा.

प्लॉटवाला त्या चौघांत बसतच नाही हो. कारण तो देवाकडं काही मागतच नाहीये, तो मागतोय तुमच्याकडं, माणसांकडं! देव त्याला फक्त मध्ये उभा करायला पाहिजे. आणि असल्या गोष्टीबद्दल तुकोबा किती कडक आहेत बघा. जिथं कीर्तन करायचं तिथं जेवायचं सुद्धा नाही, कपाळाला बुक्का लावून घ्यायचा नाही, गळ्यात माळ घालून घ्यायची नाही, इतकंच काय बरोबरच्या घोड्याबैलाला दाणा आणि गवत पण मागायचं नाही. एवढी बारीक नजर. कशासाठी, तर देवाचं नाव घेतल्याबद्दल मुठभर गवत जरी मिळायला लागलं तर उद्या नाव गवतासाठी घेतलं जाईल हे त्यांना माहीत होतं. आज कीर्तनाचे दर ठरतात, हे मी आमच्याच माणसांबद्दल बोलतोय आणि बोलताना वाईट वाटतं.

देवाला देवासाठी कसं भेटायचं विचारलंत. माझ्या अनुभवानं सांगतो, कुणाला दिसणार नाही असं काहीतरी रोज करा. गाडगेबाबा पंढरपूरला जायचे आणि खराटा घेऊन वाळवंट झाडायचे, देवळाच्या रांगेत नसायचे. कर्ज काढून तीर्थाला जाऊ नका, देवाला कोंबडं बकरं कापू नका हेच रात्रभर कीर्तनात सांगायचे. त्यांचा देव त्या झाडण्यात होता. तुम्ही खेट्याला जाताच तर येताना डोंगरावरच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करून आणा, फोटो न काढता.

रंकाळा_सांज

मी ख्रिस्ती आहे, आमची बऱ्याच पिढ्या वस्ती कोल्हापूरचीच, वायल्डर मेमोरियल चर्चला जातो. खेट्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही पण प्रश्न वाचून वाटलं की हा आमच्याकडंही जसाच्या तसा आहे म्हणून लिहितोय.

योहानाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात येशू पाच भाकरी आणि दोन मासळ्या हजारो लोकांना पुरवतो. दुसऱ्या दिवशी ते लोक त्याला शोधत होडीनं तळ्याच्या पलीकडं जातात. कुणालाही आनंद होईल की बघा किती माणसं मागं आलीत. तर तो त्यांना तोंडावर सांगतो की तुम्ही मला शोधताय ते भाकरी पोटभर मिळाल्या म्हणून. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी त्याचं बोलणं जड वाटून पुष्कळ शिष्य सोडून जातात, तेव्हा तो त्यांना थांबवायला भाकरी परत वाटत नाही. बारा जणांना विचारतो, तुम्हालाही जायचंय का. मला हे वाक्य फार लागतं. ग्रुप लहान होईल याची त्याला भीती नव्हती.

पण हेही खरं की आधी त्यानं त्यांना जेवायला घातलं होतं. भुकेला नाही म्हणाला नाही. आणि शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर मागितलेलीच आहे. फक्त ती प्रार्थना कुठं करायची तर खोलीत जाऊन, दार लावून. माळकरी दादांनी म्हटलं तसंच, कुणाला दिसणार नाही असं. आमच्यातही चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून धंदा वाढवणारे आहेत, त्यामुळे तुमची मावशी मला अगदी ओळखीची वाटली.

खेटेकरी_करवीर

सगळ्यांचे मनापासनं आभार, दोनदा वाचलं. माळकरी दादा, तो आपल्याकडं मागतोय देवाकडं नाही, हे वाक्य वाचलं आणि एकदम मोकळं झालो. उद्यमनगरवाले भाऊ, मावशीला तुमचा मेसेज तसाच वाचून दाखवला, सातबारा मागते म्हणालीय. ताई, त्या बाईचं वाचून पुढं काय लिहावं सुचंना.

अजून एक विचारतो. वर गाभाऱ्यासमोर उभं राहिलो की मागनं ढकलतात, गुलाल उडत असतोय, अर्ध्या मिनिटात पुढं सरकायला लागतं. तेवढ्यात काय म्हणायचं? आणि ग्रुप सोडू का नको?

ओटीवाली_ताई

गाभाऱ्यासमोर काही नाही सुचलं तरी चालतंय. नुसतं बघून घ्या देवाला डोळे भरून. तुमचं बोलणं सगळं चालताना होऊ दे, पंचगंगेपासून डोंगरापर्यंत तेवढा वेळ आहेच की. खेट्याची कथा तुम्हाला घरात सांगितली असेलच. रत्नासुर राक्षसाला मारून झाल्यावर जोतिबा परत हिमालयात केदारला निघाला आणि त्याला अडवायला अंबाबाई कोल्हापुरातनं अनवाणी चालत गेली. तिथं ती धनदौलत मागायला गेली नव्हती, तिला तो जाऊ नये एवढंच पाहिजे होतं. आमच्या सासूबाई सांगायच्या, खेटा घालताना एवढंच म्हणायचं, देवा तू जाऊ नकोस. बाकीचं यादीतलं त्यानंतर म्हटलं तरी चालतंय.

उद्यमनगर_लेथ

ताई लै खरं बोललात.

ग्रुप सोडू नको भावा. तू सोडलास तर तुझ्या मावशीसारखी बाकीची माणसं तिथं एकटी राहतात. त्या माणसाला एकदा एकट्याला गाठ, चारचौघांत नको, आणि सरळ सांग की टी-शर्टवरचं साइटचं नाव काढा आणि वाटंत बुकिंग घेऊ नका, धंदा सोमवारी ऑफिसात करा. ऐकलं तर उत्तम. नाही ऐकलं तर त्याचा टी-शर्ट न घालता तुझ्या आजोबांच्या सारखा साधा सदरा घालून चाल, चार पोरं आपोआप तुझ्याबरोबर येतील.

माळकरी_नंदवाळ

हेच म्हणणार होतो. आणि बोलताना त्याच्याबद्दल राग ठेवू नका, त्याच्या मनात जोतिबा अजिबात नाही असं आपण कोण म्हणणार. आमच्या गावातनं पण काही जण खेट्याला येतात, पहिल्या रविवारी मी आहे. पहाटे वडणग्याच्या पुढं थांबतो, तिथनं बरोबर चालू. पिशवी मोठी आणा, बाटल्या भरपूर असतात.