गोदी, पाकीट, पॅकेज: नेमका फरक काय?

ठाणेकर_वाचक: सोसायटीच्या दिवाळी हस्तलिखितासाठी पेपर-चॅनेलवाल्यांना घातल्या जाणाऱ्या शिव्यांचा छोटा कोश करतोय. गोदी मीडिया, पाकीट पत्रकार, पेड न्यूज, प्रेस्टिट्यूट, पीत पत्रकारिता एवढे जमलेत. सगळ्यांपुढे 'विकाऊ' लिहून मोकळं व्हावं का?

वाशी_खाडीपूल: अजिबात नको. पैसे कुणी घेतले, तिथेच शब्द वेगळे होतात. पाकीट बातमीदाराच्या खिशात जातं, मालकाला पत्ताही नसतो. पॅकेज, म्हणजे बातमीच्या रूपातली जाहिरात, मात्र पेपरच विकतो, दर ठरवून. पेड न्यूज म्हणतात ती हीच. 2009 च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतला हा धंदा पत्रकार पी. साईनाथ यांनी मांडला, 2010 मध्ये प्रेस कौन्सिलचा अहवाल आला. खूण सांगतो: दोन स्पर्धक पेपरांत मजकूर शब्दशः तोच, वर बातमीदारांची नावं वेगळी, आणि 'जाहिरात' हा शब्द कुठेच नाही.

'गोदी'त रोख पैशापेक्षा सत्तेची मर्जी महत्त्वाची. शब्द रूढ केला टीव्ही पत्रकार रवीश कुमार यांनी. हिंदीत गोद म्हणजे मांडी, शिवाय 'मोदी'शी यमक. मराठीत गोदीला बोटी लागतात, तेव्हा टीप टाकाच. नाहीतर उरणकडचे लोक न्हावा-शेवा बंदराची बातमी समजतील.

नौपाडा_कट्टा: पीत पत्रकारिता म्हणजे भडकपणा, तिथे कुणी विकलं गेलेलं असायलाच हवं असं नाही. 1890 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पुलित्झर आणि हर्स्ट यांच्या पेपरांची जुंपली होती. पिवळ्या झग्यातल्या 'यलो किड' या चित्रातल्या पोरावरून नाव पडलं. प्रेस्टिट्यूट भारतात गाजला एप्रिल 2015 मध्ये, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांच्या ट्वीटमुळे. वेश्येवरून बेतलेली गलिच्छ शिवी आहे. कोशात नोंद ठेवा, पण उदाहरणात कुणा पत्रकाराचं नाव घालू नका. बदनामीचं कलम आहे, भारतीय न्याय संहिता 356.

बेलापूर_सेक्टर: पेड न्यूजची रीतसर तक्रार होते, हेही लिहा. लोकसभा-विधानसभेला जिल्ह्याची एमसीएमसी, म्हणजे माध्यम प्रमाणन आणि देखरेख समिती असते. ऐरोली, बेलापूरची तक्रार ठाण्याला. पनवेल, उरणची अलिबागला, कारण जिल्हा रायगड. इथे हमखास चुकतं. नुसतं कात्रण कापू नका, तारीख आणि आवृत्ती दिसेल असं अख्खं पान ठेवा. पेड न्यूज ठरली तर जाहिरातीच्या दराने खर्च उमेदवाराच्या हिशेबात चढतो.

ठाणेकर_वाचक: आणि पाकिटाची तक्रार?

वाशी_खाडीपूल: संपादकाकडे, पुरावा असेल तर. पाकिटाची पावती कोण देतं?