मदत हवी आहे: मे महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन बाली की श्रीलंका? राहायला देखणी जागा हवी, पण तळमजल्याची

चिंचेखाली

मंडळी, लातूरहून लिहितेय. या मे महिन्यात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. मंगल कार्यालय, जेवणावळ, स्टेजवर पुन्हा एकदा हार, असा आमचा बेत होता. तो दोघांनीही मोडीत काढला. सासरे म्हणाले, "लोकं जेवून जातात अन् मठ्ठा पातळ होता म्हणून वर्षभर सांगत बसतात. त्यापेक्षा आम्हाला चार दिस समुद्राकाठी नेऊन ठेवा." आता त्यांच्या तोंडून निघालंच आहे, तर हात आखडता घ्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय. माणसं पाच (आम्ही दोघं, ते दोघं आणि आठवीतली लेक), खोल्या दोन, रात्री पाच. दोन्ही खोल्यांचे मिळून रात्रीला ४० हजारांपर्यंत चालतील. पासपोर्ट सगळ्यांचे निघालेत. विमान हैदराबादहून धरू, ते आम्हाला मुंबईपेक्षा जवळ.

आता अडचणी. गेल्या वर्षी गोव्यात एक 'लक्झरी पूल व्हिला' घेऊन मी तोंड पोळून घेतलंय, म्हणून यंदा ताकही फुंकून पितेय. फोटोत निळाशार पूल होता. प्रत्यक्षात आमच्या दुकानामागच्या हौदाएवढा, आणि शेजारच्या बाल्कनीत बसलेले काका आमच्याकडे बघत पेपर वाचत होते. खोलीची पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. दुपारी तीननंतर आत पापड भाजून निघाले असते. एसी लावला की वीज ट्रिप. नावं सांगत नाही, पण पैसे मात्र फोटोतल्या पूलचे घेतले.

दुसरी अडचण सासूबाईंची, आणि ती चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. त्या औसा तालुक्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, त्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) वाड्यात झोपल्या होत्या. घरातली माणसं वाचली, पण मधली दगडी भिंत रिकाम्या बाजेवर पडलेली त्यांनी बघितलीय. तेव्हापासून त्या वरच्या मजल्यावर झोपत नाहीत. दगडी भिंतीच्या खोलीत तर नाहीच. दाराजवळ, तळमजल्यावर. गंमत म्हणजे उन्हाळा आला की "माळवदाखाली काय गार वाटायचं" हेही त्याच म्हणतात.

सासऱ्यांचे गुडघे कुरकुरतात. दोघंही माळकरी, अंडंसुद्धा चालत नाही. मला स्वतःला जागा देखणी हवी. सोन्याचे नळ आणि झुंबरं नकोत. कुठे आलोय ते खोलीत बसूनही कळलं पाहिजे. नाहीतर मग हैदराबादचं कुठलंही बिझनेस हॉटेल काय वाईट?

बालीतले उबुदचे व्हिला आणि श्रीलंकेत गॉलच्या बाजूची हॉटेलं पाहून ठेवलीत. जाऊन आलेल्यांनी सांगा.

आडवाटकर

मे महिन्यात ४२ डिग्रीतून उठून ३२ डिग्रीच्या घामात जायला दोन लाख? म्हैसमाळला जा, केशर आंब्याची पेटी घ्या, उरलेल्या पैशात गावजेवण होईल.

चिंचेखाली

दादा, गावजेवणाचा मठ्ठा पुन्हा पातळ झाला तर? 😄

निळीछत्री

ताई, नांदेडहून. मी आई-बाबांना बालीला नेऊन आणलंय, तेही मे महिन्यातच. महिना चुकीचा नाही. तिथे कोरडा मोसम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाव दोन्ही चढतात, त्याआधीचा मे उत्तम. गॉलचं मात्र मेमध्ये नाव काढू नका. नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्या किनाऱ्यावर आपल्याही आधी उतरतो, समुद्र खवळलेला असतो आणि लाल बावटे लागतात. त्या दिवसांत श्रीलंकेचा पूर्व किनारा शांत, म्हणजे त्रिंकोमाली-निलावेलीकडचा. पण कोलंबोहून ते २६० किलोमीटर आहे. मधे एक मुक्काम पडणारच.

बालीत उबुद सुंदर आहे, शंकाच नाही. पण फोटोत जी दरी दिसते ना, त्या दरीतच खोल्या असतात. रिसेप्शन वर, खोली खाली, नाश्ता आणखी कुठेतरी. आमच्या हॉटेलात खोलीपासून नाश्त्यापर्यंत ११४ पायऱ्या होत्या. मला आकडा पाठ आहे, कारण बाबा रोज मोजून मोठ्याने सांगायचे. बग्गी मिळते, पण ती रस्त्यापर्यंत. पायऱ्या तुमच्या तुम्हालाच.

आणि उघडं न्हाणीघर! बालीच्या व्हिलांची ती मोठी शोभा. वर आकाश, भिंतीला शेवाळ, कोपऱ्यात केळ. पहिल्या दिवशी आई खूश. रात्री दोनला पाऊस आला आणि तिला छत्री घेऊन जावं लागलं. भिंतीवर हातभर पाल. ती आपल्या पालीसारखी चुकचुकत नाही, चक्क "टोके, टोके" असं ओरडते. म्हणून बुकिंगच्या आधी विचारा: संडास छताखाली आहे का? आंघोळ उघड्यावर असली तरी चालेल.

चिंचेखाली

हे सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "लहानपणी आमची न्हाणी उघड्यावरच होती. त्याचे पैसे पडत नव्हते बाई."

हिमरू

नमस्कार, छत्रपती संभाजीनगरहून. पेशाने आर्किटेक्ट आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

माळवद गार का लागायचं, ते आधी बघू. आपली हवा कोरडी आहे. दिवसा आग, रात्री पारा चांगला उतरतो. जाड भिंत आणि वरची पांढरी माती दिवसाचं ऊन आत यायला संध्याकाळ करते, तोवर बाहेर गार झालेलं असतं. खिडक्या लहान, म्हणजे झळ येत नाही. विषुववृत्ताजवळ समुद्रकाठी हे सगळं उलटं. रात्रीही हवा तशीच दमट आणि उबदार, त्यामुळे भिंत कितीही जाड करा, ती गार व्हायला वेळच मिळत नाही. तिथे अंगावरून वारा गेला पाहिजे. म्हणून तिथल्या चांगल्या जुन्या घरांचं छप्पर उंच आणि उतरतं असतं, पागोळ्या पुढे आलेल्या, पडवी खोल, समोरासमोर उघडी दारं आणि भिंत असलीच तर नावाला. काचेची पेटी बांधून आत एसी कोंबला की तिथली शैलीही गेली आणि आरामही गेला. तुमचा गोव्याचा व्हिला त्याच जातीचा.

म्हणून जागा निवडताना मी आधी छप्पर बघतो, पूल शेवटी. पंखा आहे का? पलंगाला मच्छरदाणी खरी आहे की शोभेची? पडवीत पाच माणसं पावसात न भिजता बसतील का? पाच वाजता चहा तिथेच होणार आहे, खोलीत नाही.

श्रीलंकेचे जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी ही गोष्ट हॉटेलात आणून दाखवली. वकिली सोडून वास्तुकलेकडे वळलेला माणूस. दांबुल्लाजवळचं कंडालमा हॉटेल त्यांचंच. जवळपास किलोमीटरभर लांब इमारत डोंगराच्या कडेला चिकटवलीय आणि दर्शनी बाजूवर वेली अशा सोडल्यात की तलावापलीकडून हॉटेल दिसतच नाही. आत शिरताना बाजूला डोंगराचा खडक तसाच ठेवलाय. समोर तलाव, लांब सिगिरियाचा कातळ. मी दोन रात्री राहिलो आणि खोलीत फक्त झोपायला गेलो. पण तुमच्या बाबतीत माझा सल्ला: नको. एक तर ते मजल्यांचं आहे. दुसरं, कॉरिडॉर इतके लांब की गुडघे नाश्त्याच्या आधीच संपतील. तिसरं, बाजूला खडक बघून काकूंना झोप लागणार नाही. (आणि बाल्कनीचं दार उघडं राहिलं तर माकडं बॅग उघडतात. माझी राजगिऱ्याची वडी गेली.)

निळीछत्री

हिमरूदादांच्या म्हणण्याला जोडून. ताई, उबुद सोडा, सानूर बघा. बालीच्या पूर्वेकडचा सपाट किनारा. पुढे प्रवाळाचा बांध आहे, म्हणून लाटा लहान आणि ओहोटीला पाणी गुडघाभर. किनाऱ्याला लागून किलोमीटरोकिलोमीटर फरसबंदी पायवाट आहे, सासरे सकाळी फेरी मारू शकतील. सूर्य समुद्रातून उगवतो. तरुण पोरं सानूरला 'म्हाताऱ्यांचं गाव' म्हणतात, म्हणजे तुमच्यासाठी बरंच. विमानतळाहून अर्ध्या तासावर. उबुदला दीड तास सहज जातो.

चांगगूला जाऊ नका. तिथे फॅशनेबल कॅफे आहेत आणि प्रत्येक व्हिलाच्या शेजारी दुसरा व्हिला बांधला जातोय. सकाळी सातला कटर सुरू.

हिमरू

सानूरला दुजोरा. तिथेच १९६६ साली एक दहा मजली हॉटेल उभं राहिलं. ते बघून बालीकरांचं डोकं फिरलं आणि नारळाच्या झाडापेक्षा, म्हणजे १५ मीटरपेक्षा, उंच बांधायचं नाही असा नियमच आला. म्हणून आजही तिथे बैठ्या, पसरलेल्या जागा मिळतात. तळमजल्याची खोली मागितली तर कोणी चमकून बघत नाही.

शोधताना 'जोगलो' हा शब्द टाका. जावाकडची जुनी सागवानी घरं. ती सुटी करून बालीत आणतात आणि पुन्हा जोडून पाहुण्यांना देतात. मधे चार मुख्य सागवानी खांब, त्यांवर पायरीपायरीने चढत गेलेलं छप्पर, आणि भिंती म्हणजे कोरीव लाकडी फळ्या. आपल्या वाड्यातले खण आठवतील. फरक हा की भार खांबांवर आहे, भिंतींवर नाही. किल्लारीच्या वेळी आपल्याकडे खांब कितीतरी ठिकाणी उभे राहिले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटून आत आल्या आणि माणसं त्याखाली गेली. काकूंना हे तुम्ही सांगू नका, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एक मात्र लपवू नका. बालीही भूकंपाच्या पट्ट्यात येतं. त्यांनी विचारलं तर खरं सांगा. जोगलोत, तळमजल्यावर, अंगणात उघडणाऱ्या दाराजवळ त्या निदान स्वतः निवडून झोपतील.

गोदाकाठ

पैशाचं कोणीच बोललं नाही, म्हणून मी. बालीत भावापुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर समजा १० टक्के सर्व्हिस आणि ११ टक्के कर अजून लागायचाय. वीस हजारांची खोली २४,२०० ला पडते. तुमच्या ४० हजारांत हे धरलंय का बघा. आगमनाचा व्हिसा माणशी पाच लाख रुपिया, शिवाय २०२४ पासून बाहेरच्या पर्यटकाला दीड लाख रुपिया वेगळे. लाख ऐकून सासरे दचकतील. त्यांना सांगा, दीड लाख म्हणजे आपले हजाराच्या आतच.

जेवण: सांबल (तिथली मिरचीची चटणी) वाढलं तर आधी विचारा. त्यात बहुतेकदा तेरासी म्हणजे सुक्या कोळंबीचा ठेचा असतो. भाजी 'शाकाहारी' म्हणून आली तरी असू शकतो. श्रीलंकेत तोच घोळ सुक्या मासळीच्या चुऱ्याचा, खोबऱ्याच्या चटणीत घालतात. नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही. कोळंबी नको, मासळीचा सॉस नको, अंडं नको, असं एकेक नाव घेऊन लेखी कळवा. टेंपे (सोयाबीन आंबवून केलेल्या वड्या) नक्की खा. लातूरकरांना सोयाबीन ओळखीचं, फक्त ताटात कधी आलं नसेल.

आणि 'ओपन लिव्हिंग' लिहिलेल्या व्हिलात बैठकीच्या खोलीला भिंतच नसते, हे बुकिंगआधी समजून घ्या. काहींना आवडतं. आमच्या मेहुण्यांनी तीन दिवस डास मारले.

चिंचेखाली

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! गॉल रद्द. उबुदला फक्त दिवसाची चक्कर. सानूरमधल्या तीन जागा काढल्या. मी नकाशावर उपग्रहातून बघितलं: एकीच्या मागे क्रेन उभी आहे, ती बाद. उरलेल्या दोघांना सारखेच प्रश्न पाठवतेय. खोली कुठल्या दिशेला उघडते, गाडीपासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, संडासावर छप्पर आहे का, रात्री माणूस असतो का, सकाळी पाचला दूध मिळेल का. अजून काही?

निळीछत्री

व्हिडिओ मागवा. गाडीतून उतरल्यापासून खोलीपर्यंत न थांबता चालत काढलेला. वेगवेगळे तुकडे जोडलेला घेऊ नका. फोटो कोणीही रुंद भिंगाने काढतं, चालताना मात्र लपवता येत नाही. पाहुण्यांनी टाकलेले फोटो गेल्या दोन महिन्यांतलेच बघा. पूलमधल्या फरशा तुटल्यात का, ते तिथेच कळतं.

आडवाटकर

म्हैसमाळ अजून रिकामं आहे, एवढंच सांगतो.

चिंचेखाली (आठ दिवसांनी)

एकीने ब्रोशर पाठवलं, त्यात हंसाच्या घड्या घातलेले टॉवेल. दुसरीने व्हिडिओ पाठवला. पोरगा चपला वाजवत चालतोय, वाटेत एक कोंबडी आडवी जाते, दोन पायऱ्या चढल्या की पडवी, आणि आत जोगलो. पायऱ्या तेवढ्याच, दोन. संडासावर कौलं आहेत. रात्रीचा माणूस फाटकाशी बसतो. दुधाचं म्हणे आदल्या रात्री सांगायचं.

सासूबाईंना मोबाईलवर दाखवला. भूकंपाचं विचारलंच त्यांनी, मी खरं ते सांगितलं. काही बोलल्या नाहीत. व्हिडिओ परत लावायला लावला, मग तिसऱ्यांदा. पूल आला तिथे बोटाने पुढे ढकलला. छत आलं तिथे थांबवला आणि स्क्रीनवर बोट ठेवून खांब मोजले. "सागवान दिसतंय. भिंत हलकी हाय," म्हणाल्या. मग पलंगाकडे बघून, "ह्ये बाज दाराकडं सरकवून देतेत का, तेवढं इचार."

विचारलंय. देतात म्हणे.